पुलात दोष न आढळल्याबाबत

विषय : झुलत्या पादचारी पुलाची चाचणी पुढे ढकलण्यास मंजुरी मिळणेबाबत.

संदर्भ : विहारात झालेले संभाषण. तोंडी. इतिवृत्त ठेवलेले नाही.

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की...

“...म्हणजे तुम्ही पुलावरून चालणार नाही, सयाडॉ?”

“चुका किती निघाल्या ते आधी सांग.”

“एकही नाही.”

“मग नाही चालणार.”

विचारणारे डॉ. थिहा. आमच्या संस्थेतल्या स्थापत्य विभागाचे प्रमुख. जपानहून डॉक्टरेट घेऊन आलेले, आणि ही गोष्ट कोणी विसरणार नाही याची काळजी घेणारे.

उत्तर देणारे सयाडॉ ऊ सुचित्त. सयाडॉ म्हणजे विहाराचे प्रमुख भिक्षू. चीवर घेण्यापूर्वी ते एका विद्यापीठात पूल बांधायला शिकवत. थिहा त्यांचे तिथले विद्यार्थी.

मी बाजूला चटईवर बसलो होतो, कारण निमंत्रणपत्रिकेची पोच मला हवी होती.

मी कोण, तर ब्रह्मदेशात प्रतिनियुक्तीवर गेलेला लेखा लिपिक. दोन सरकारांनी मिळून तिथल्या कोरड्या, ताडांच्या मुलखात एक तंत्रशिक्षण संस्था उभी केली. आपल्याकडून यंत्रं गेली आणि यंत्रांच्या पावत्या सांभाळायला मी गेलो. तिथे शिकवणाऱ्याला ‘साया’ म्हणतात, म्हणजे गुरुजी. कार्यालयात बसणाऱ्यालाही म्हणतात. महाराष्ट्रात उभ्या नोकरीत मला कोणी गुरुजी म्हटलं नव्हतं. तिथे पहिल्याच दिवशी शिपायाने म्हटलं. मी हरकत घेतली नाही.

संस्थेमागून एक ओढा जातो. एरवी त्यात वाळू असते. पावसात डोंगरावरून पाणी उतरलं की पलीकडच्या गावातल्या मुलांची शाळा बुडते. थिहांनी विद्यार्थ्यांच्या हातून त्यावर पोलादी दोरांचा झुलता पूल बांधून घेतला होता. काम देखणं झालं होतं, हे मान्य करायला हवं.

चाचणी दुसऱ्या दिवशी होती. नियमाने आधी वाळूची पोती ठेवून बघायचं. पण राजधानीहून येणाऱ्या पाहुण्यांना वेळ थोडा होता. म्हणून पोत्यांऐवजी माणसंच चालवायची ठरलं. पुढे सयाडॉ, मागे पाहुणे, त्यांच्या मागे सगळं गाव, पोराबाळांसह. थिहांच्या मते त्यांच्या गणितापुढे पोती ठेवणं म्हणजे गणिताचा अपमान होता. माणसं स्वतःच्या पायांनी येतात, हमाली वाचते, म्हणून मलाही ते पटलं होतं.

आणि आता पुढे चालणारा माणूसच नाही म्हणत होता. सयाडॉ चालले नाहीत तर गाव चालणार नाही. गाव का चाललं नाही, हे पाहुणे विचारणार. थिहांचं नाव त्या पुलाला दोरांपेक्षा घट्ट बांधलेलं होतं.

थिहांनी नकाशे पसरले. सयाडॉंनी पाहिले नाहीत. तपासले कोणी, एवढंच विचारलं. थिहा म्हणाले की शेवटच्या वर्षाच्या सगळ्या विद्यार्थ्यांनी तपासले, प्रत्येकाला मी जातीने विचारलं, आणि प्रत्येकाने दोष नाही म्हणून सांगितलं.

“त्यांचा माझ्यावर पूर्ण विश्वास आहे, सयाडॉ.”

“बिचारे,” सयाडॉ म्हणाले.

इथे थोडा खुलासा आवश्यक आहे. ब्रह्मी माणसाला ‘आना’ नावाची एक अडचण असते. भीड, संकोच, समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून आपण अवघडून बसणं, हे सगळं त्यात आलं. एकदा खानावळीतल्या चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. मी ते बाईंना सांगितलं, तर टेबलावरचे सगळे माना खाली घालून उठून गेले. त्यांनी तोच चहा तळापर्यंत संपवला होता.

आमच्याकडे चूक दाखवणाऱ्याची बदली होते. तिथे चूक दाखवायची वेळच येत नाही. कामाची अवस्था दोन्हीकडे सारखीच.

थिहा मात्र हटले नाहीत. म्हणाले की शंकेला तर बुद्धाने मनाचा अडथळा म्हटलं आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या मनात ती नाही, याचा खरं तर सयाडॉंना आनंद व्हायला हवा.

सयाडॉंनी मान डोलावली. मग ते आसनावरून उठले.

तो दिवस वर्षावास, म्हणजे भिक्षूंचा पावसाळी मुक्काम, संपण्याच्या पौर्णिमेचा, सणाचा होता. त्या दिवशी विहारात पवारणा होते. प्रत्येक भिक्षू, अगदी थोरातला थोरसुद्धा, संघासमोर उकिडवा बसतो, हात जोडतो आणि सांगतो : माझ्यात काही दोष पाहिला असेल, ऐकला असेल, नुसती शंका आली असेल, तरी मला सांगा. हे भिक्षूंनी भिक्षूंसमोर करायचं असतं. पँट घातलेल्या विभागप्रमुखासमोर नव्हे.

सयाडॉ थिहांच्या समोर येऊन उकिडवे बसले. हात जोडले.

तिकडे भिक्षूपेक्षा आपलं डोकं उंच ठेवत नाहीत. थिहा खाली सरकले, आणखी सरकले, शेवटी कपाळ चटईला लागलं.

“थिहा, मी तुला शिकवलं. त्यात तू काही चूक पाहिली असशील, ऐकली असशील, तुला शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून सांग.”

“सयाडॉ, उठा. हे बरोबर नाही.”

“माझे गुडघे दुखताहेत. लवकर सांग.”

...

बाहेर कोणीतरी अंगण झाडत होतं. झाडून झालं. खराटा भिंतीला टेकवल्याचा आवाज आला.

“पाण्याखालचा ठोकळा,” थिहा चटईला म्हणाले.

“कोणता ठोकळा?”

मग ते बाहेर आलं. झुलत्या पुलाच्या दोराचं टोक काठावरच्या काँक्रीटच्या अवजड ठोकळ्यात अडकवतात. पूर आला की ठोकळा पाण्यात बुडतो, आणि पाण्यात वजन कमी भरतं. तेवढं हिशेबातून वजा करायचं असतं. सयाडॉ, म्हणजे तेव्हाचे साया, फळ्यावर उदाहरण सोडवताना ते वजा करायला विसरले होते. पुढच्या वर्षीही विसरले. दर वर्षी विसरत गेले.

“तुझ्या कधी लक्षात आलं?”

“त्याच तासाला.”

“परीक्षेत काय लिहिलंस?”

“तुमच्यासारखंच.”

“गुण?”

“पैकीच्या पैकी.”

...

“आणखी कोणाच्या लक्षात आलं होतं?”

“सगळ्यांच्या, सयाडॉ. वसतिगृहात आम्ही बोललो होतो. वरच्या वर्गातल्या मुलांनी मग आम्हाला सांगून ठेवलं. बांधताना वजा करायचं, तुमच्या पेपरात करायचं नाही.”

सयाडॉ मागच्या मागे बसले. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, म्हाताऱ्याला लागलं. पण त्यांचे खांदे हलत होते, आणि ते हसत होते.

“म्हणजे माझ्या मुलांचे पूल उभे आहेत,” ते म्हणाले. “एवढ्या वर्षांत अडाणी राहिलो तो मी एकटा.”

त्यांनी डोळे पुसले. थिहाही हसायच्या बेतात होते. तेवढ्यात सयाडॉंनी विचारलं,

“तुझे विद्यार्थी तुला कमी मान देतात का रे?”

थिहांचं हसू तिथेच थांबलं. आम्ही नमस्कार करून निघालो. पोच मिळाली नाही.

हे सगळं ब्रह्मी भाषेत झालं. मला बरंचसं कळलं होतं, राहिलेलं मी परतताना जीपमध्ये थिहांना विचारलं. ते पुढे झुकून, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते. उत्तर त्यांनी नंतर दिलं, पुष्कळ दिवसांनी, आणि तेही थोडं गाळून.

संस्थेत पोहोचल्यावर त्यांनी शेवटच्या वर्षाचा वर्ग कर्मशाळेत बोलावला. मुलं सणाच्या कपड्यांत होती, घरी निघायच्या घाईत. थिहा लेथ मशीनजवळ तेलकट फरशीवर उकिडवे बसले आणि त्यांनी हात जोडले.

मुलांची जी धावपळ उडाली, ती पाहण्यासारखी होती. साया खाली बसलेले, तेव्हा आपण त्यांच्याहून खाली असायला हवं. पण उकिडव्या माणसापेक्षा खाली जायचं म्हणजे जायचं कुठे? अर्धा वर्ग फरशीवर कोपरांवर टेकला. दोघं तर जवळजवळ झोपलेच. मी दारात उभा होतो. सगळ्यांत उंच मीच, हे लक्षात आल्यावर मीही एका खोक्यावर टेकलो.

थिहांनी तेच शब्द उच्चारले. पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल.

“दोष नाही, साया,” एकजण म्हणाला.

“मी माझ्या सायांना इतकी वर्षं हेच सांगत आलो,” थिहा म्हणाले. “आज खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. मीही रागावणार नाही. बहुतेक.”

...

मा ठिरी नावाची मुलगी होती. एरवी तिचा आवाज हजेरीलासुद्धा ऐकू येत नसे.

“साया, दक्षिणेकडचे चिमटे...”

आणि थांबली. शेजारणीने तिला कोपराने ढोसलं.

पुलाचा दोर ठोकळ्याच्या कडीतून ओवून परत दुमडतात, आणि दोन्ही पदर चिमट्यांनी आवळतात. चिमट्याला एक रुंद बैठक असते आणि एक वाकवलेली सळई. बैठक ताण घेणाऱ्या पदरावर यायला हवी, सळई रिकाम्या शेपटावर. उलट बसवलं तर सळई कामाच्या पदरातच रुतते, आणि भार आला की दोर सुटू शकतो. हे मला तेव्हा समजलं. मुलांना ते पहिल्या वर्षीच शिकवलेलं होतं.

दक्षिणेकडचे सगळे चिमटे उलटे होते.

“कोणी बसवले?” थिहांनी विचारलं.

“पहिला तुम्ही बसवून दाखवलात, साया.”

“आणि बाकीचे?”

“तुम्ही दाखवला तसे.”

“उत्तरेकडचे?”

“ते बरोबर आहेत. त्या दिवशी तुम्ही मीटिंगला गेला होतात.”

थिहा खाली बसलेलेच होते, म्हणून आणखी खाली बसण्याचा प्रश्न आला नाही. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं, मग मान, मग पुन्हा कपाळ. उद्या त्या दोरांवर सगळं गाव उभं राहणार होतं. मला निमंत्रितांची यादी पाठ होती, आणि ती मी मनात म्हणायचं टाळत होतो.

“बरं झालं,” ते म्हणाले. अगदी हळू. “बरं झालं, मा ठिरी.”

मग मात्र वर्गाला कंठ फुटला. कठड्याची जाळी रुंद आहे, लहान मूल त्यातून निसटेल. एक फळी हलते. उतारावर पाय घसरतो. साया फार भरभर शिकवतात. साया प्रत्येक तासाला ‘जपानमध्ये’ म्हणतात. या शेवटच्या मुद्द्याला अनुमोदन द्यायचं माझ्या फार मनात होतं, पण मी वर्गाचा सदस्य नव्हतो. थिहा ऐकत राहिले, आणि सांगायलाच हवं, ते रागावले नाहीत. एकदाच मान वर केली, ती ‘जपानमध्ये’ला.

चाचणी पुढे ढकलायची तर वरून मंजुरी लागते. मी अर्ज लिहायला घेतला. कारण म्हणून ‘प्रशासकीय अडचणीमुळे’ असं सुचवलं. हे कारण मी आयुष्यभर वापरलं आहे आणि त्याने मला कधी दगा दिलेला नाही. थिहा म्हणाले, खरं लिहा. दोष आढळला, दोष माझा होता, असं लिहा. अशा वाक्याला पूर्वीचा दाखला नाही, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं. तरी वाक्य टंकलिखित झालं.

पाहुण्यांना फोन केला. त्यांनी सोडलेला सुस्कारा मलाही ऐकू आला. सणाला त्यांना घरीच राहायचं होतं, पण आम्हाला नाही कसं म्हणायचं, या भिडेपायी ते निघाले होते. मंजुरीचं लेखी कळवू, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

चिमटे काढले. दोराचा चेंगरलेला भाग कापून टाकला आणि चिमटे पुन्हा सुलटे बसवले. बसवताना थिहा हात मागे बांधून दूर उभे होते. जाळी बारीक केली, फळी बदलली. मग वाळूची पोती आणली, पूलभर रचली आणि राहू दिली. पूल जरासा वाकला, आणि पोती उतरल्यावर पुन्हा वर आला. गावातली माणसं काठावर बसून बघत होती. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हातारीने थिहांच्या हातात ताडगुळाचा खडा ठेवला आणि ती घरी गेली.

आम्ही पुन्हा विहारात गेलो.

“चुका निघाल्या?” सयाडॉंनी विचारलं.

“निघाल्या, सयाडॉ.”

“पुष्कळ?”

“पुष्कळ. त्यातल्या काही पुलाच्याही होत्या.”

सयाडॉ चपला शोधायला लागले.

पुलावर ते पुढे चालले. मागे थिहा, मागे मा ठिरी आणि वर्ग, मग गाव. मी सर्वांत शेवटी होतो, म्हणजे जे काही व्हायचं ते माझ्या आधी होईल. काही झालं नाही. पोरं फळ्यांवर उड्या मारत होती आणि त्यांच्या आया त्यांना ओरडत होत्या. एवढा आनंदाचा गलका मी सरकारी कार्यक्रमात कधी ऐकलेला नाही.

मध्यावर थिहा पुढे झुकले. आवाजात कितीतरी दिवसांनी हलकेपणा आला होता.

“आता काही दोष राहिला नाही, सयाडॉ.”

सयाडॉ थांबले. मागचं सगळं गावही थांबलं. खाली पाणी लालसर, गढूळ वाहत होतं. त्यांनी ते थोडा वेळ पाहिलं...

“असं पुन्हा म्हणालास, तर मी इथूनच परत जाईन.”

पूल वापरात आहे. चाचणी पुढे ढकलण्याचा अर्ज अद्याप प्रलंबित आहे.