देखावा बघणारी मोटार

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे भार्गव नावाचा सुपारीचा बागायतदार राहत असे. त्याच्याकडे एक जुनी, उघड्या टपाची लाल मोटार होती. ती पळू लागली की वारा कानात शिरे आणि भार्गव वय विसरून मोठमोठ्याने गाऊ लागे.

पण मोटार भारी लहरी. दर पावसाळ्यानंतर तिचं काहीतरी निकामी होई आणि बागेचं निम्मं उत्पन्न शहरातल्या गॅरेजात जाई. बायको म्हणे, "यंदाची सुपारीही हिलाच भरवा. आपण नुसतं पान चघळू."

घाटात तर ती हमखास बंद पडे. कुणी विचारलं, "भार्गवभाऊ, का थांबलात?" तर तो दरीकडे हात करून म्हणे, "देखावा बघतोय. असा देखावा सोडून जाववत नाही." आणि गावात येऊन बढाई मारी, "माझ्या मोटारीला घाट म्हणजे अंगण!"

एके दुपारी शेजारच्या कुंदाच्या लहानग्या मुलीला सरपणाच्या ढिगात विंचू चावला. पोरीला दरदरून घाम सुटला, हातपाय गार पडले. दवाखाना घाटापलीकडे. कुंदा तिला कवटाळून धावत आली.

"भाऊ, मोटार काढा! तुमच्या मोटारीला घाट म्हणजे अंगण ना?"

मागोमाग अर्धा गाव गोळा झाला. इब्राहिम मासळीवाल्याचा टेम्पोही तिथेच उभा होता. त्याची चाल बैलगाडीहून जरा बरी, इतकंच. पण वाटेत तो कधी बंद पडला नव्हता.

भार्गवच्या हातात किल्ली होती. सकाळीच मोटार सुरेख चालली होती. बहुतेक आत्ताही चालेल, असं त्याच्या मनात आलं. शिवाय इतक्या लोकांसमोर नाही कसं म्हणायचं? आपण त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं, कोण जाणे. पण त्याने कुंदाकडे पाहिलं. जिच्या कडेवर पोर गार पडत चाललंय, तिच्या हाती 'बहुतेक' कसं द्यायचं?

त्याने किल्ली खिशात टाकली.

"कुंदा, माझ्या मोटारीत बसू नकोस," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मी घाटात देखावा बघत नाही. मोटार बंद पडते. आजवर खोटं सांगत आलो. इब्राहिम, टेम्पो काढ!"

टेम्पो धापा टाकत घाट चढला, पण थांबला नाही. भार्गव मागे मासळीच्या टोपल्यांत बसून गेला. संध्याकाळी दवाखान्यात मुलीने बिस्किट मागितलं, तेव्हा कुठे कुंदाला रडू फुटलं.

परतताना भार्गव मान खाली घालून बसला होता. इब्राहिम हसून म्हणाला, "भाऊ, आम्हाला ठाऊक होतं हो. देखावा बघणाऱ्याचे हात कोपरापर्यंत काळे होत नाहीत."

कुंदा मात्र हसली नाही. "मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "मी बसले असते."

भार्गवने मोटार विकली नाही. अजूनही तो गात गात घाटाकडे निघतो. ती बंद पडली की उतरून खुशाल हाक मारतो, "अरे, पुन्हा रुसली रे! धक्का द्या." आणि लोक हसत हसत ढकलतात.

तात्पर्य: लहरी वस्तूवर जीव जडला तर जडू द्यावा, पण तिच्या खोडी झाकून दुसऱ्याचा जीव तिच्या भरवशावर टाकू नये.