घोडदऱ्याचा पहिला काप

घोडदरा गावात शिरताना डाव्या हाताला, खडकाळ बांधावर, द्राक्षाची एक जुनी वेल आहे. तिला मांडव नाही, तारा नाहीत. बाभळीवर चढून ती वाटेल तशी पसरली आहे. पानं रग्गड, घड एकही नाही. तिला कुणी कात्री लावत नाही. वेलीच्या बुडाशी शेंदूर फासलेला एक दगड आहे. तो भिवाबाबाचा, असे सांगतात.

आम्ही चौघी पुण्याहून नाशिककडच्या वायनऱ्या पाहायला निघालो होतो. पेला कसा धरायचा, वास कसा घ्यायचा, हे सगळं दोन दिवसांत शिकून झालं होतं. ही द्राक्षं पिकवतं कोण, ते मात्र कुणी दाखवलं नव्हतं. म्हणून तिसऱ्या दिवशी, वायनरीला द्राक्षं देणाऱ्या रंभाजीनानांच्या बागेत आलो. दसरा होऊन बारा दिवस झाले होते. आजूबाजूच्या बागा छाटून उघड्याबोडक्या झाल्या होत्या. नानांची तेवढी हिरवीगार उभी. मी कारण विचारलं, तर म्हणाले, "आधी वेलीचं ऐका." ऐंशीच्या घरातला माणूस. सरळ उत्तर दिलं तर मान कमी होतो, अशी या वयाच्या लोकांची समजूत असावी.

नानांनी सांगितलं ते असं.

फार पूर्वी घोडदऱ्यात साळू नावाची विधवा होती. वाटणीच्या वेळी तिच्या दिराने, म्हणजे भिवाने, सगळी काळी जमीन स्वतःकडे ठेवली आणि तिला हा खडकाळ पट्टा दिला. वर अट घातली: तीन वर्षांत, तिसऱ्या शिमग्यापर्यंत, इथे फळ धरलं तर पट्टा तुझा, नाहीतर माहेरी चालती हो. माहेरी तिचं कुणी उरलं नव्हतं. त्याच सुमाराला सुरतेकडून लमाणांचा तांडा आला. तांड्यातल्या एका आजारी म्हातारीला साळूने आठ दिवस पेज पाजली. जाताना म्हातारीने तिला एक वाळकी काडी दिली, म्हणे. साळूने ती खडकाच्या भेगेत लावली आणि ओढ्यावरून रोज सात घागरी पाणी आणून घातलं.

काडी फुटली. वेल बाभळीवर चढली. पहिल्या वर्षी पानं आली, दुसऱ्या वर्षी पानं, तिसऱ्या वर्षीही नुसती पानं. द्राक्षाची वेल कापल्याशिवाय फळावर येत नाही, हे तेव्हा घोडदऱ्यात कुणाला ठाऊक नव्हतं. तिसरा दसरा उलटला. एका सकाळी साळू घागर घेऊन आली, तर भिवा विळा घेऊन वेलीपाशी उभा. बोटभर बोटभर काड्या ठेवून बाकी सगळी वेल त्याने उतरवली होती. कापलेल्या टोकांतून पाणी ठिबकत होतं.

साळूने घागर खाली ठेवली. "आजपासून तुझ्या-माझ्यात शब्द नाही," ती म्हणाली. भिवा विळा कमरेला खोचून चालता झाला.

पंधरवड्यात काड्यांवरचे डोळे फुटले. महिन्याभरात कोंबाकोंबाला घड दिसू लागला. शिमग्यापर्यंत वेल ओझ्याने वाकली, असे सांगतात. पट्टा साळूचा झाला. पण दिराच्या पाया पडावं की त्याला शाप द्यावा, हे तिला कळेना. शेवटी तिने पहिला घड भिवाच्या उंबऱ्यावर ठेवला आणि न बोलता परत आली. पुढच्या दसऱ्यानंतर भिवा आला आणि न बोलता पहिला काप देऊन गेला. मरेपर्यंत दोघांचं हे असंच चाललं.

तेव्हापासून घोडदऱ्यात बागेचा पहिला काप घरच्या माणसाने द्यायचा नाही. ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याने द्यायचा. शिमग्याला पहिला घड त्याच्या उंबऱ्यावर. भांडण मिटवायची सक्ती नाही.

"आमच्यात सोयरीक जमवणं सोपं," नाना म्हणाले. "चांगलं भांडण टिकवणं अवघड."

माझा प्रश्न साधा होता. भिवाला छाटणी ठाऊक होती, की तो वेल मारायला आला होता? नाना म्हणाले, कुणी सांगतात तो सुरतेला जाऊन बघून आला होता, कुणी सांगतात त्याचा डोळा पट्ट्यावर होता.

"पण खरं काय?"

"साळूला मरेपर्यंत कळलं नाही. तुला मी कुठून सांगू?"

मग शेंदूर भिवाला कसा, असं मी विचारलं. तीन वर्षं पाणी वाहिलं तिने आणि देव झाला हा? त्यावर नाना अगदी शांतपणे म्हणाले, "पाणी कुणीबी घालतं, पोरी. अक्कल लागते ती कापायला. बाईमाणसाला छाटणीतलं काय कळतंय?"

त्यानंतर मी बरंच बोलले. दगडाबद्दल बोलले, शेंदराबद्दल बोलले, म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी नेहमी कुणाच्या बाजूने असतात तेही बोलले. मैत्रिणी माझी ओढणी ओढत होत्या. शेवटी, यापुढे तुमच्याशी एक शब्दही बोलणार नाही, असं सांगून मी गाडीत जाऊन बसले.

थोड्या वेळाने नानांची सून, वत्सलावहिनी, गाडीपाशी आली. तिच्या हातात छाटणीची कात्री होती. मी म्हटलं, माफी मागायची असेल तर त्यांनी स्वतः यावं.

"माफी?" वहिनी हसली. "चार पिढ्यांत कुणी मागितली नाही, ताई. कात्री धरा."

मग तिने सांगितलं. नानांचा धाकटा भाऊ कचरू आणि नाना बांधावरच्या एका आंब्यावरून बावीस वर्षं बोलत नव्हते. दर दसऱ्यानंतर कचरू यायचा, पहिला काप द्यायचा आणि जायचा. यंदा श्रावणात तो गेला. त्याला खांदा देताना नाना बावीस वर्षांनी त्याच्याशी बोलले. "आता काप कोण देणार," एवढंच. तेव्हापासून शेजारीपाजारी येऊन, आम्ही भांडतो तुमच्याशी, म्हणून विनवत होते. पण लटकं भांडण चालत नाही. आणखी आठ दिवस छाटणी झाली नाही, तर द्राक्षं उशिरा पिकून कडक उन्हात सापडणार आणि यंदाचा माल हातचा जाणार.

"आणि बायकांना छाटणीतलं कळत नाही, ते?" मी विचारलं.

"सोळा वर्षं या बागेची छाटणी मीच करते, बायकांची टोळी घेऊन. नानांनीच शिकवलं."

"म्हणजे मला चिडवायला बोलले?"

वहिनीने खांदे उडवले. "मलाही नाही कळलं. जुनं माणूस आहे. मनात असेलही तसं."

मी कात्री हातात घेऊन पहिल्या ओळीपाशी उभी राहिले. त्यांनी मुद्दाम चिडवलं असेल, तर माझा राग लटका ठरतो आणि लटक्या रागाचा काप चालत नाही. मनापासून बोलले असतील, तर मी त्यांची बाग का वाचवावी? ओळीच्या टोकाला नाना पाठ करून उभे होते. त्यांच्या पाठीवरून काहीही कळत नव्हतं. वहिनीने काडीवर बोट ठेवून दाखवलं, इथे, दुसऱ्या डोळ्याच्या वर. मी कापलं. टोकावर पाण्याचा एक थेंब आला. मग माझ्या मागे टोळीतल्या बायकांच्या कात्र्या एकदम सुरू झाल्या.

शिमग्याच्या दिवशी वत्सलावहिनी एसटीने पुण्याला आली. माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक घड ठेवला. नानांनी काही निरोप दिलेला नाही, असं सांगून चहा प्यायली आणि परत गेली. द्राक्षं लहान होती, जाड सालीची, वाईनची असतात तशी. गोड होती.

आजही घोडदऱ्याच्या बांधावरची ती वेल कुणी छाटत नाही. तिला पहिला काप देण्याचा हक्क एकाचाच होता, आणि तो आता दगड झाला आहे. यंदाचा दसरा पुढच्या महिन्यात आहे. नानांचा फोन नंबर माझ्याकडे आहे. त्या दिवशी ते मनापासून बोलले की मुद्दाम, हे एका वाक्यात विचारता येईल. पण विचारलं की बोलणं झालं, आणि बोलणं झालं की बाग थांबते.