पाट्याचा पहिला खळगा

दगडांनाही बोलता यायचं, तेव्हाची गोष्ट. एका घरातला पाटा वाटून वाटून पार गुळगुळीत झाला होता. लसणाची पाकळी ठेवली, की ती घरंगळून खाली पडायची. घरधनीण वैतागून म्हणाली, "आता याला मागीलदारी धुणं आपटायला टाकते!"

पाटा हादरला. छिन्नीनं ठोकून पाटे-जाती खरखरीत करून देणारी येसूबाई टाकीवाली दर वर्षी दारावरून जायची, आणि हा दर वर्षी म्हणायचा, "पुढच्या खेपेला बघू." या वेळी वरवंट्यानंच तिला हाक मारली, आणि ती छिन्नी-हातोडी काढून बसली.

"थांबा!" पाटा म्हणाला. "आधी सांगा, सुरुवात कुठून करणार? मी तर सगळाच झिजलोय. जरा विचार करू दे."

"तू कर विचार," म्हणत तिनं एक घाव घातला.

पाटा कळवळला. "बस्स! एवढंच पुरे!"

"बरं बाबा." येसूबाईनं हातोडी खाली ठेवली आणि लसणाची एक पाकळी त्याच्यावर सोडली. ती नेहमीसारखी घरंगळली, आणि कडेला जाता जाता त्या एवढ्याशा खळग्यात अडकून थांबली.

पाट्यानं त्या अडकलेल्या पाकळीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "येसूबाई, या खळग्याच्या शेजारी अजून एक घाव मारता का?"