नगाऱ्याचा लाल दोरा

एका राज्यात एक तळं होतं आणि त्या तळ्यात काच होती. पूर्वी तिथे पाणी होतं. पण एका राजाने दवंडी पिटून दिलेला शब्द अर्ध्यावर फिरवला, आणि लाटा होत्या तशाच थिजल्या. काठावरचा बोलका राघू दगड झाला. लोक काचेचे तुकडे जिभेवर ठेवीत. जीभ गार होई, तहान जात नसे.

शाप सुटायचा तर तळ्याला रीतीने निवडलेला राखणदार हवा होता. रीत अशी, की नगारा वाजवून अटी सांगायच्या आणि नगाऱ्याला लाल दोरा बांधायचा. निवड झाली, की तोच दोरा सोडून राखणदाराच्या मनगटी बांधायचा. तोवर नगाऱ्याला हात लावायचा नाही. राखणदार अनेक झाले, तळं काचेचंच राहिलं. का, ते कोणी विचारलं नाही.

यंदा नगारा म्हणाला, "आग्यादरीतला निखारा ओंजळीतून आणा, मगरीच्या जबड्यातून तळ्याची किल्ली काढा, दगडी राघूला बोलतं करा. जो करील तो राखणदार, मग तो कोणीही असो!"

रंगाऱ्याची केतकी निघाली. तिच्या घरची रंगाची पिंपं कोरडी पडली होती. तिचा आवाज इतका हळू, की आई तिचे ओठ बघून उत्तर देई. तिने तळहातांना चिखल थापून निखारा आणला. तरी हात भाजलेच. मगर कण्हत होती, ते गप्प राहणाऱ्या केतकीलाच ऐकू आलं. तिने किडकी दाढ उपटली. दाढेत किल्ली अडकली होती.

प्रधान विकटमती जादूगार होता. त्याचा भाचा गर्जनसिंह दरीतून मिशा जाळून परतला होता. मात्र त्याच्या एका आरोळीने कौलं खाली येत. प्रधानाने नगाऱ्याचा दोरा कापला आणि टिपरू हाणलं.

"ऐका हो ऐका! राखणदाराची हाक पैलतीरी पोचली पाहिजे. अट आजपासून सर्वांना लागू!"

केतकी दरबारात आली. प्रधान हसला. "तुझी हाक तुझ्या ओठांपाशीच बसते, पोरी. घरी जा, कापडं रंगव."

"कशात रंगवू, प्रधानजी? काचेत?"

 राजा म्हणाला, "मुली, अटी बदलण्याचा आम्हाला अधिकार आहे."

"आहे, महाराज. पुढच्या नगाऱ्याला बदला. माझे हात या नगाऱ्यावर विश्वासून भाजलेत." तिने कापलेला दोरा उचलला. "माझं तिसरं काम राहिलंय. ते करून येते."

"पाऊल उचललंस तर दगड करीन!" प्रधान गरजला.

तिने पाऊल उचललं. घोटे दगड झाले. ती चालत राहिली. गुडघे दगड झाले, तशी ती हातांवर सरकत काठावर पोचली. राजा मागोमाग आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

तिने तो दोरा राघूच्या पायाला बांधला आणि नेहमीच्याच आवाजात विचारलं, "राघोबा, मी निघाले तेव्हा नगारा काय म्हणाला होता?"

इतक्या वर्षांत लोकांनी राघूला गाणी म्हणायला सांगितली होती, भविष्य विचारलं होतं. दिलेला शब्द कोणी विचारला नव्हता. राघूने मान झटकली.

"जो करील तो राखणदार, मग तो कोणीही असो!"

राजाने खाली मान घातली. मग स्वतः दोरा सोडून केतकीच्या मनगटी बांधला. तिचे पाय मोकळे झाले, प्रधानाची विद्या गळून पडली. तळ्यावर पहिली लाट उठली आणि राजाचे जोडे भिजवून गेली.

पुढे दवंडीवाल्याची जागा निघाली. पैलतीरी पोचणाऱ्या हाकेची अट तेव्हा आरंभीच सांगितली गेली, आणि गर्जनसिंह रीतीने निवडला गेला. केतकी किल्ली फिरवून तळ्याचं पाणी सोडी तेव्हा मात्र एक शब्द बोलत नसे. पाणी पैलतीरी पोचत असे.

त्या राज्याचा नगारा एकदा बांधला की बांधला. निवड होण्याआधी तो दोरा सोडायला आजवर कोणी धजलं नाही.