मोठा दिवा का विझला

हे कुणाला सांगायचं नाही, असं संघमित्राताईने मला बजावलं होतं. पण मी सांगत नाहीये, नुसतं लिहून ठेवते आहे.

"भन्ते, पौर्णिमेला कळ तिनेच का दाबायची?" ताईने विचारलं. मी तिच्या मागेच बसले होते.

भन्ते सुमेध विहारात मुलींना वायरिंग शिकवत. चीवर अंगावर येण्याआधी ते आयटीआयमध्ये मास्तर होते. वैशाख पौर्णिमेला विहारावरच्या दिव्यांच्या माळा लावायची कळ अख्ख्या वस्तीसमोर त्यांची एक शिष्या दाबते. ताई त्यांच्याकडे चार वर्षं शिकत होती. हर्षाली दिवाळीनंतर आली, आणि मान मात्र तिला!

ताईला तेव्हापासून अन्न गोड लागेना.

"तिला तुम्ही ओंजळ भरून देता," ताई म्हणाली. "मला उरलंसुरलं."

भन्त्यांनी स्कूटरची जुनी बॅटरी पुढे ओढली. तिला एक मोठा दिवा जोडला, आणि वेगळ्या तारांनी एक छोटा. मोठा लख्ख पेटला. छोटा आपला मिणमिणत राहिला.

"मोठा ती, छोटा तू. मोज."

ताईने मीटर लावला. दोन्ही दिव्यांना व्होल्ट बाराच. करंट मोठ्यातून दोन अँपिअर. छोट्यातून शून्य पूर्णांक चार.

"रोध किती?"

"व्होल्ट भागिले करंट. तिचा सहा ओहम. माझा... तीस."

"पॉवर?"

"व्होल्ट गुणिले करंट. तिची चोवीस वॅट." ताईने मीटर खाली ठेवला. "माझी पाचसुद्धा नाही."

"बॅटरीने दोघींना बाराच व्होल्ट दिले. मग मी कुणाला कमी दिलं?"

...

"म्हणजे खोट माझ्यातच," ताई फणकारली. "मीच अडून बसते, असंच ना?"

"मी कुठे म्हटलं?"

भन्त्यांनी तारा सोडवल्या. आता बॅटरीची तार मोठ्या दिव्याला, मोठ्याची छोट्याला, छोट्याची परत बॅटरीला. एकामागे एक.

छोटा होता तसाच पेटला. मोठा काळा ठिक्कर.

कितीतरी दिवसांनी ताईचा चेहरा खुलला.

"बघा भन्ते! आता कोण?"

"आता दोघींतून करंट एकच. अशा वेळी जिचा रोध जास्त, तिच्या वाट्याला पॉवर जास्त."

"मग ही मेलेली मध्ये कशाला?"

"नको असेल तर काढ."

ताईने मोठा दिवा उपटला.

छोटा विझला.

...

दारात हर्षाली उभी होती. खांद्यावर माळांचं भेंडोळं, तोंडात चिकटपट्टीचा तुकडा. ती कधी आली, कळलंच नाही. ताईच्या मुठीत मोठा दिवा तसाच होता.

भन्त्यांनी मीटर हळूच ताईकडे सरकवला.

"आता तुझी पॉवर काढ, बाई."

ताईने काटा पाहिला, मग मुठीतला दिवा पाहिला, आणि हर्षालीला म्हणाली की — ताईची हाक आली! आले गं ताई, काही नाही, अभ्यासच करते आहे — म्हणाली की पौर्णिमेला कळ तूच दाब, माळा मी