नावांची डबी

एका राज्यात, जिथे उन्हाळ्यात सूर्य मावळायचे विसरतो आणि हिवाळ्यात उगवायचे, तिथे बर्फावर राहणारी माणसे होती. झाड नाही, शेत नाही, तरी त्यांचे काही अडत नसे. सील मारावा, आधी त्याच्या तोंडात गोड्या पाण्याचा घोट घालावा, म्हणजे तो तृप्त होऊन पुढच्या वर्षी पुन्हा येतो. मग मांस साऱ्या वस्तीत वाटावे. चरबी दिव्याला, कातडे सुईला. अशी शहाणी माणसे दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाहीत.

त्यांच्यात इवालू नावाची एक शिवणारीण होती. तिची आई नौजा वारली आणि त्याच महिन्यात तिला लेक झाली. रीतीप्रमाणे आजीचे नाव नातीला दिले. त्या देशी नावाबरोबर माणूसही परत येतो अशी श्रद्धा. म्हणून इवालू आपल्या सात वर्षांच्या लेकीला "आई" म्हणे, आणि लेक कमरेवर हात ठेवून तिला दटावी, "पोरी, हातमोजे घाल आधी!" वस्ती हसे, पण कौतुकाने.

राजा भला होता, पण हलक्या कानाचा. एके दिवशी मौनकेतू नावाचा जादूगार दरबारी आला.

"महाराज, ही मुले अडाणी राहतील. मला द्या, शहाणी करून देतो."

राजाने मान डोलावली. मोठी नाव आली आणि शंभर मुले गेली, त्यांत नौजाही. बेटावरच्या महालात मौनकेतूने त्यांची नावे काढून वालरसच्या सुळ्याच्या डबीत कोंडली. नावांमागोमाग बोली गेली. बोलीमागोमाग चेहरे गेले. शंभर मुले एकसारखी दिसू लागली, आणि त्याच्या कोरड्या पावावर पांढरीफटक पडली. विद्या द्यायला आलेल्याने होती तीच विद्या काढून घेतली!

ही बातमी डोमकावळ्याने आणली. "इवालू, उन्हाळा सरून सूर्य क्षितिजाला टेकला की डबीचे झाकण कायमचे बसेल. मग तुझी नौजा तुझी नाही. सूर्याचे आभाळाभोवती तीन फेरे उरले आहेत."

"मग बसलास काय? वाट दाखव."

"आधी खायला घाल," कावळा म्हणाला. कावळाच तो.

बेटाभोवतीचा समुद्र शापित होता. त्याचा एक थेंब अंगाला लागला की माणसाचा दगड होई. इवालूने सीलची कातडी पसरली, हरणाच्या स्नायूचा दोरा ओवला आणि होडी अन् अंगरखा शिवायला बसली. तिची सुई कातड्याच्या अर्ध्या जाडीतच शिरे, आरपार कधी जात नसे. त्यावर उलट बाजूने दुसरी शिवण. भोकच नाही तर पाणी येणार कुठून? पहिल्या फेऱ्यात शिवून झाले, दुसऱ्यात होडी पार गेली, आणि समुद्र हात चोळत राहिला.

महालाच्या दारात सात हात जाड बर्फ होता आणि त्याला टेकून पांढरे अस्वल झोपले होते. काजळीचा वास आला की ते जागे होई. इवालूने दगडी दिवा बर्फाला लावून ठेवला, चरबी कुटली, शेवाळाची वात काठाकाठाने पसरली, आणि एक अख्खा फेरा डोळ्याला डोळा न लावता काडीने वात सारखी करत बसली. धुराची रेघ म्हणून उठली नाही. बर्फ वितळून दार उघडले तेव्हा अस्वल घोरतच होते. आईने शिकवलेला दिवा होता तो.

आत मौनकेतू उभा होता. तिसरा फेरा संपत आला होता.

"यांत तुझी लेक ओळख. नाव घेशील तर जीभ गोठेल. हाक एकच. चुकलीस तर ती माझी."

इवालूने पाहिले. शंभर तोंडे, एकच चेहरा. "लेकी" म्हटले असते तर शंभरही वळली असती. मौनकेतूने तसेच शिकवून ठेवले होते, आणि त्याच शब्दाची वाट पाहत तो हसत होता. पण इवालूच्या घरी तो शब्द कधी चाललाच नव्हता. बोटे फुटली होती, पोटात तीन फेऱ्यांची भूक होती. घरी आल्यावर म्हणावे तसे ती म्हणाली,

"आई, मला भूक लागलीय गं."

मौनकेतू खदखदला. "बाई, तू लेक शोधायला आलीस की आई?"

कोणी हलले नाही. सूर्याची कड पाण्याला टेकायला आली.

मग मागच्या ओळीतल्या एका मुलीच्या कपाळाला आठी पडली. कमरेवर हात गेले. "पोरी, अजून जेवली नाहीस? आणि हातमोजे कुठे तुझे?"

आणि हे ती आपल्या बोलीत बोलली!

डबी तडकली. नावे पाखरांसारखी उडाली आणि ज्याची त्याला मिळाली. शंभर चेहरे शंभर झाले, आणि असा कालवा माजला की अस्वलही उठून पळाले. मौनकेतू पाण्याकडे धावला. त्याच्या अंगावर इवालूची शिवण नव्हती. थेंब लागला, दगड झाला. अजून तिथे उभा आहे. नावाडी त्याच्यावरून वाट ओळखतात.

मुले त्याच मोठ्या नावेने घरी परतली आणि राजा स्वतः वस्तीत आला. म्हणाला, "चूक माझी. शाळा इथेच होईल, तुमच्या बोलीत." सकाळी अक्षरे, दुपारी सुई, दिवा आणि बर्फाची पारख. सीलच्या कलेजीने महिन्याभरात गालांवर रंग चढला.

सुटकेच्या त्या संध्याकाळी मात्र इवालू घरी पोचली ती पडलीच. सात वर्षांच्या नौजाने दिवा सारखा केला, तिचे फुटलेले हात चरबीने चोळले आणि मांसाचा तुकडा तिच्या तोंडात घातला.

"खा, पोरी," ती म्हणाली.

इवालू लहान मुलीसारखी रडली आणि जेवली. तिला जशी तिची माणसे परत मिळाली, तशी ज्याची त्याला मिळोत.