भेगेवरची काच

एकदा नदीकाठच्या एका गावात एका शिष्याच्या घराला भेग पडली. शिष्य म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे मुंजीतला बटू उभा राहिला असेल, तर त्याला आधी बाजूला करा. हा शिष्य पन्नाशी ओलांडलेला, कापडाचा व्यापार करणारा, घरात सून आलेला गृहस्थ होता. लहानपणी तो गावाबाहेरच्या मठात गुरुजींपाशी शिकला, आणि गुरुजी हयात आहेत तोवर आपण शिष्यच, अशी त्याची धारणा होती. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. त्याने एकदा हो म्हटलं की लोक पुन्हा विचारत नसत.

घर त्याच्या वडिलांनी, आबांनी, ऐन उमेदीत स्वतः उन्हात उभं राहून बांधून घेतलं होतं. नदीचा पूर जवळ यायचा, म्हणून त्यांनी जोतं उंच घेतलं. ओल वर चढू नये म्हणून माजघराची जमीन सागवानी तुळयांवर उचलून घेतली आणि तिच्याखाली पोकळी ठेवली. माणूस रांगत जाईल एवढीच तिची उंची. घरातलं कुणी तिथे कधी गेलं नाही. मांजर व्यायली तर ती तिथे, एवढाच त्या जागेचा उपयोग. पण खालची माती होती काळी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्या या वर्षानुवर्षांच्या खेळात पाया खचायला लागला, आणि तो खचतो आहे हे घरच्यांना कळलं ते माजघराच्या भिंतीवर भेग वरपर्यंत चढली तेव्हा.

शिष्याने कंत्राटदार बोलावले. एकाने भेगेकडे ओझरतं पाहिलं आणि सिमेंट भरून वर रंग मारला की घर नवंकोरं होईल, असं सांगून चहा मागितला. दुसऱ्याने पोकळीच्या तोंडाशी वाकून बॅटरी मारली, नाकाला रुमाल लावला आणि मुरूम टाकून सगळं बुजवून टाकू म्हणाला. त्यानंतर आला तो लिंबाजी. अशा गोष्टींतल्या माणसांना सहसा नावं नसतात. शिष्य, गुरुजी, आबा एवढ्यावर भागतं. पण जो माणूस दुसऱ्याच्या घराखाली उतरतो त्याला तरी नाव असावं असा माझा हट्ट आहे, म्हणून हे एक नाव सांगितलं.

लिंबाजी सदरा काढून आत शिरला आणि बऱ्याच वेळाने कोळिष्टकांनी माखून बाहेर आला. दोन तुळया कुजल्यात, त्या बदलता येतील, त्याचं काही नाही, असं तो म्हणाला. प्रश्न भेगेचा होता. काही भेगा एकदा पडतात आणि तिथेच थांबतात. काही चालत राहतात. ही कुठल्या जातीची, ते कळल्याशिवाय तो कामाला हात लावायला तयार नव्हता. त्याने भेगेवर आडव्या काचेच्या पातळ पट्ट्या गिलाव्याने घट्ट बसवल्या आणि प्रत्येकीवर खिळ्याने आपली खूण ओरखडली. हा त्याच्या धंद्यातला जुना रिवाज होता. पावसाळा जाऊ द्या, असं त्याने सांगितलं. काच शाबूत राहिली तर भेग मेलेली समजायची. मग तो माणसं घेऊन खाली उतरेल, तुळया बदलेल, भेग भरेल, की झालं काम. काच तडकली तर भेग जिवंत. मग मात्र घर रिकामं करायचं, भिंतींना बाहेरून टेकू द्यायचे आणि पाया तुकड्यातुकड्याने काढून नव्याने भरायचा. टेकू दिल्याखेरीज तो एकाही माणसाला खाली पाठवणार नव्हता.

शिष्याला हे फार पटलं. घाई न करणारा कंत्राटदार मिळायला भाग्य लागतं, असं तो दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला. सांगतानाही त्याला स्वतःच्या पारखीचं कौतुक वाटायचं.

आता आबांचं सांगायला हवं. अंगावरून वारं गेल्यापासून आबांची एक बाजू लुळी पडली होती. त्यांची खाट माजघरातच, त्या भिंतीला लागून होती. बोलणं जड झालं होतं, पण एक वाक्य ते स्पष्ट बोलत. या घरातून मी आता चौघांच्या खांद्यावरच निघेन. शिष्याने एकदा नुसता विषय काढून पाहिला, की समजा थोडे दिवस भाड्याच्या घरात राहावं लागलं तर? म्हाताऱ्याने पुढ्यातलं ताट सरकवलं आणि त्या दिवशी पाण्याचा घोटही घेतला नाही.

पावसाने जोर धरला. एका सकाळी देवपूजा आटोपून शिष्य माजघरात आला आणि पाहतो तर मधल्या काचेचे सरळ दोन तुकडे झालेले. आबा शांत झोपले होते. शिष्य भिंतीपाशी किती वेळ उभा होता कोण जाणे. मग तो बाजारात गेला, तसबिरी मढवणाऱ्याकडून तशीच पट्टी कापून आणली, गिलाव्याने बसवली आणि खिळ्याने तशीच खूण ओरखडली. श्रावण सरता सरता तीही तडकली. त्याने तीही बदलली. पहिल्या वेळी त्याने दार लावून घेतलं होतं, दुसऱ्या वेळी तेही नाही.

त्याने हे बापासाठी केलं. ते खरंच होतं, खोटं कशाला बोलू? पण वाईट वागणाऱ्या माणसाला एखादं खरं कारण सापडलं, की त्याच्याइतका निर्धास्त माणूस दुसरा नसतो. शिष्याला रात्री झोप लागत होती.

पावसाळा संपल्यावर लिंबाजी आला. त्याने प्रत्येक काचेवरून बोट फिरवलं, खुणा पाहिल्या, आणि मग विचारलं, "शेठ, याला कुणी हात नाही ना लावला?"

"नाही," शिष्य म्हणाला.

लिंबाजीने पुन्हा विचारलं नाही. या माणसाला गावात कुणीच पुन्हा विचारत नसे.

काम सुरू करण्याचा दिवस ठरला. नारळ वाढवायला शिष्याने गुरुजींना बोलावलं, तेव्हा काचेची परीक्षाही त्यांना सांगितली. गुरुजी आता फार थकले होते. मठातून चालत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती, म्हणून ते ओसरीवरच टेकले. ओसरीवर आबांची खाट होती. दोघे म्हातारे एकमेकांना पाहून हसले. इथे वाऱ्यावर कसे काय, असं गुरुजींनी विचारलं, तेव्हा आबा कुरकुरले की कालपासून पोराने इथे आणून टाकलंय, आत धूळ उडेल म्हणतो. गुरुजी काठी टेकत माजघरात गेले. भेगेच्या भिंतीलगत जमिनीवर खाटेच्या चार पायांचे जुने ठसे होते. ते पाहून गुरुजी परत आले.

पोकळीच्या तोंडाशी नारळ वाढवला. हळदकुंकू वाहिलं. लिंबाजीने डोक्याला टॉवेल गुंडाळला. त्याची माणसं पहारी घेऊन मागे उभी होती, त्यांत त्याचा सख्खा भाचाही होता. लिंबाजी गुडघे टेकणार तोच गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जरा थांब, मला आधी बघू दे, असं म्हणून त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून शिष्याच्या हाती दिलं, धोतर खोचलं आणि त्या वयात रांगत रांगत घराखाली शिरले.

म्हाताऱ्याला काय सुचलं हे कुणालाच कळेना. लिंबाजी हसून म्हणाला की असू दे, कुतूहल असतं एखाद्याला. पण गुरुजी बाहेर येईनात. आतून त्यांच्या खोकल्याचा आवाज येत होता, आणि तो लांब जात होता, पार माजघराच्या त्या भिंतीकडे.

शिष्य पोकळीच्या तोंडाशी वाकला. "गुरुजी, बाहेर या."

"का रे? इथे गारवा आहे. बसतो थोडा."

"गुरुजी, तिथे बसू नका. पाया पडतो तुमच्या."

"काच तर शाबूत आहे ना?" आतून आवाज आला.

वरच्या घराकडून कर्र असा बारीक आवाज झाला. जुन्या लाकडाचा असेल. लाकूड असं रोजच बोलतं. पण शिष्याचं सगळं बळ त्या आवाजाने गेलं. "शाबूत नाही," तो म्हणाला, आणि लिंबाजी शेजारीच उभा आहे हे ठाऊक असूनही थांबला नाही. "दोनदा तडकली. दोन्ही वेळा मीच बदलली. बाहेर या, गुरुजी."

थोड्या वेळाने गुरुजींचं पांढरं डोकं दिसलं. त्यांना हात देऊन बाहेर ओढलं ते लिंबाजीने. गुरुजी चिखलाने भरलेल्या धोतरानिशी ओसरीच्या पायरीवर बसले. धाप ओसरल्यावर ते हळू आवाजात बोलले.

"काच मी पाहिलीच नाही. त्यातलं मला काय कळतं? मी खाट पाहिली. बापाला तू त्या भिंतीपासून दूर नेलंस. म्हणजे भेग जिवंत आहे हे तुला ठाऊक होतं, आणि त्याप्रमाणे तू वागलासही. आणि आज त्याच भिंतीखाली या माणसाला पाठवायला तू मला नारळ वाढवायला बोलावलंस. तुला नुसतं विचारलं असतं तर तू काहीतरी उत्तर दिलं असतंस. उत्तरं द्यायला मीच तुला शिकवलंय, म्हणून मी विचारलं नाही. मी आत गेलो आणि तुझा जीव कासावीस झाला. हा आत जात होता तेव्हा तुझा जीव शांत होता. घराची भेग हा दुरुस्त करील, बाळ. ही मात्र तुझी आहे. तुला वाटलं, आपण याला काम दिलं. याने तुझ्या एका 'नाही'वर आपला जीव आणि आपल्या बहिणीचा मुलगा ठेवला होता. तुम्हा दोघांत कोण कोणाला काय देत होतं, याचा विचार कर."

लिंबाजीने डोक्याचा टॉवेल सोडला, भाच्याकडे एकदा पाहिलं, माणसांना पहारी उचलायला सांगितल्या आणि निघून गेला. नारळाचा प्रसाद तसाच पडून राहिला.

त्यानंतरचं सांगायला जीभ रेटत नाही, पण सांगतो. घर रिकामं करावंच लागलं. आबांना खाटेसकट उचलून भाड्याच्या खोलीत नेलं. वाटेत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. नव्या खोलीत ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत. मुलाला त्यांनी दोष दिला नाही, माफही केलं नाही. बोलणंच टाकलं. संक्रांतीच्या आत ते गेले. ज्यांच्यासाठी खोटं केलं ते परक्या छपराखाली गेले, आणि त्यांच्या मुखात गंगाजल घालताना शिष्याला त्यांच्या डोळ्यांत पाहता आलं नाही.

त्याआधीच, आबा खोलीत आले त्याच आठवड्यात, शिष्य लिंबाजीच्या दारी गेला होता. लिंबाजी त्याला बस म्हणाला नाही. उभ्या उभ्याच त्याने सांगितलं, "काम करीन मी. तुमच्या घराखालचं मला कळलंय, न कळणारा कुणी गेला तर मरेल. पण तुमचा शब्द मला आता चालायचा नाही. रोज सकाळी आधी तुम्ही उतरायचं. पार टोकापर्यंत जाऊन यायचं. तुम्ही वर आलात की मग माझी माणसं."

शिष्य हो म्हणाला. या वेळी त्या 'हो'ला कसलंच वजन नव्हतं, हे त्यालाही कळत होतं.

भिंतींना बाहेरून आणि तुळयांना खालून टेकू लागले आणि काम सुरू झालं. रोज सकाळी शिष्य धोतर खोचून आत शिरू लागला. खाली कुबट वास होता. पाठ तुळईला घासे, हाताखालची माती गार आणि मऊ लागे, आणि डोक्यावर आपलंच अख्खं घर आहे याची जाणीव एक क्षणही सुटत नसे. पहिल्या दिवशी तो अर्ध्यातून परत फिरला आणि अंगणात ओकला. कुणी हसलं नाही. पाणी पिऊन तो पुन्हा आत गेला आणि टोकाला हात लावून आला. या घरात जन्म काढूनही आपण ही जागा पाहिली नव्हती, हे त्याला रोज नव्याने जाणवे. आबांचं सुतक फिटलं त्याच्या दुसऱ्या सकाळी तो मुंडण केलेल्या डोक्याने आला आणि खाली उतरला.

असाच एकदा तो टोकाशी पोचला, तर शेवटच्या टेकूच्या बुडाशी मूठभर माती नुकतीच सुटून पडलेली. फार नव्हती. काम संपत आलं होतं, त्याचा जीव या घराला विटला होता, आणि वरून लिंबाजीने रोजच्यासारखंच कसं काय म्हणून विचारलं होतं. शिष्य अंधारात थोडा थांबला. मग त्याने ओरडून सांगितलं, "बरं नाही. माती सुटतेय. कुणी येऊ नका."

काम थांबलं. टेकू हलवले, माती सुकेपर्यंत वाट पाहिली, आणि पायाचा तो तुकडा पुन्हा काढून भरावा लागला.

काम पुन्हा सुरू झालं त्या सकाळी शिष्य धोतर खोचत होता. लिंबाजीने विचारलं, "काल संध्याकाळी माती बघायला तुम्ही जाऊन आलात ना? काय होतं?"

"टेकू घट्ट आहेत. माती कोरडी आहे."

"मग राहू द्या," लिंबाजी म्हणाला. त्याने टॉवेल गुंडाळला आणि शिष्याच्या आधी, त्या एवढ्या शब्दावर, तो रांगत आत गेला. त्याच्यामागून भाचा गेला.

शिष्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला बसवेना. ते दोघे परत उजेडात येईपर्यंत तो पोकळीच्या तोंडाशी उभा राहिला, आणि आपण दिलेला शब्द खरा आहे ना, हे मनातल्या मनात पुन्हा पुन्हा तपासत राहिला.